फोन मराठीत, अ‍ॅप गोंधळात

फोनची भाषा मराठी केली की काही अ‍ॅप बिनसतात. नकाशा ठिकाण दाखवत नाही, रक्कम नीट भरूनही ती चुकीची ठरते. वैतागून माणूस पुन्हा इंग्रजीकडे वळतो. दोष मराठीचा नसतो. अनेकदा तो प्रोग्रॅममध्ये न लिहिलेल्या एका शब्दाचा असतो: लोकेल.

लोकेल म्हणजे भाषा आणि प्रदेश यांची जोडी. मराठीसाठी एम-आर, भारतासाठी आय-एन. तेवढ्यावरून तारीख कशी लिहायची, स्वल्पविराम कुठे द्यायचा, अंक कोणते वापरायचे हे ठरतं. ही माहिती युनिकोडच्या सीएलडीआर या साठ्यात असते. २०१७ साली आलेल्या जावा ९ पासून जावा ही प्रोग्रॅमिंग भाषाही आधी तिथेच पाहते. या साठ्यात हिंदीसाठी इंग्रजी अंक धरले आहेत, मराठीसाठी मात्र देवनागरी. १२,३४,५६७ असा आकडा लाखाच्या स्वल्पविरामासकट पडद्यावर उमटतो, याचा मला मनापासून आनंद आहे.

पण लोकेल सांगितलंच नाही, तर जावा फोनची सेटिंग गृहीत धरते. मग सर्व्हरला पाठवायच्या मजकुरातही अक्षांश १८.५२ असा देवनागरीत जातो. पलीकडे जावास्क्रिप्ट असेल, तर तिला ही संख्याच वाटत नाही. प्रोग्रॅमरचा स्वतःचा फोन इंग्रजीत असल्याने त्याला हे कधी दिसत नाही. तुर्की लोकांनी असाच त्रास सोसला आहे: त्यांच्या लोकेलमध्ये मोठ्या 'आय'चं लहान रूप बिनटिंबाचं होतं आणि इंग्रजी शब्दांची जुळणी फसते.

उपाय सोपा आहे. यंत्राने वाचायच्या मजकुराला कोणत्याही भाषेचं नसलेलं लोकेल.रूट द्यावं, माणसाने वाचायच्या मजकुराला त्या माणसाचं लोकेल.

यादी लावतानाही हेच. युनिकोडने अक्षरांना दिलेल्या क्रमांकांत 'ळ' हा 'ल'च्या लगेच पुढे येतो, आपल्या वर्णमालेत 'ह'नंतर. नुसत्या क्रमांकांवर आडनावांची यादी लावली तर काळे हे कावळे आणि कासार यांच्या आधी येतात. मराठी शाळेत शिकलेला माणूस त्यांना शेवटी शोधतो. जावास्क्रिप्टमध्ये इंटल.कोलेटर या क्रम लावणाऱ्या साधनाला मराठी सांगितली की क्रम सुधारतो.

अ‍ॅप बनवणाऱ्यांना विनंती एवढीच: बाजारात आणण्याआधी ते एकदा मराठीत ठेवलेल्या फोनवर पूर्ण चालवून पाहा.