आधी हर्रास, मग काटा

सोयाबीनच्या दिवसांत मलकापूरच्या बाजार समितीत सकाळीच ट्रॅक्टर लागतात. पोती उतरतात, ढीग पडतो. खरेदीदार मूठभर दाणे तळहातावर घेऊन ओल बघतात, एखादा दाताखाली फोडतात. मग हर्रास, म्हणजे लिलाव. भाव ठरला की काटा, काट्यानंतर हिशेबाची पट्टी आणि पट्टीवर पैशांचा चुकारा.

वऱ्हाडात बाजाराला कायदा लागला तोच १८९७ साली, तेव्हा या रीतीत नवं काही नाही. कॉम्प्युटरला मात्र ती कुणी सांगितली नव्हती. एका अडत दुकानात पाहिलं, पट्टीच्या स्क्रीनवर भाव भरायला गेलं की ती आधी वजन मागे. ढीग तर अजून जमिनीवर! मुनीम बिनदिक्कत '१ क्विंटल' टाकायचा आणि काटा झाला की खोडायचा. एकदा खोडायचं राहिलं. संध्याकाळी हिशेब काही केल्या जुळेना.

प्रोग्रामर आळशी नव्हता, त्याची पद्धतच तशी होती. ऑब्जेक्ट-ओरिएंटेड पद्धतीत व्यवहारातल्या वस्तू प्रोग्राममध्ये आणतात. प्रत्येकीची माहिती तिच्याजवळ, तिची कामंही तिच्याकडेच. ओस्लोतल्या ओले-योहान डाल आणि क्रिस्टेन नीगार्ड यांच्या 'सिम्युला ६७'पासूनची ही चाल. आपल्या प्रोग्रामरने नामं वेचली: शेतकरी, व्यापारी, माल, पट्टी. क्रियापदं यार्डातच राहिली.

गंमत अशी की त्याच १९६७ साली ब्रिटनमध्ये जॉन ॲनेट आणि कीथ डंकन हे मानसशास्त्रज्ञ क्रियापदांच्याच मागे होते. कामाचा हेतू धरायचा, त्याच्या पायऱ्या पाडायच्या आणि कुठली पायरी कशानंतर तेही लिहायचं. ही दोन बिऱ्हाडं बरीच वर्षं वेगळी नांदली. १९८७ मध्ये स्वीडनच्या इवार याकोबसन यांनी 'यूज केस' मांडली आणि वापरणाऱ्याच्या कामावरून वस्तू शोधायची वाट रुळू लागली.

त्या वाटेने यार्डात गेलं तर पट्टीच्या आधी 'सौदा' सापडतो. हर्रासात तो जन्मतो तेव्हा त्याच्याजवळ भाव असतो, वजन नसतं. शेतकऱ्याला भाव पटला नाही तर माल परत पोत्यात आणि सौदा रद्द. पटला तर काट्यावर वजन येतं, सौदा पुरा होतो आणि तोच पट्टी काढून देतो. खोटा क्विंटल भरायची वेळच येत नाही.

आणि मध्येच पाऊस आला तर? ढिगावर ताडपत्री, काटा उद्या. भाव आजचा, वजन उद्याचं. पट्टीवर तारीख कुठली टाकायची, ते मुनिमालाच विचारावं लागेल.