सेनेकाकाठची रीसलिंग
पहिला घोट घेतला की जबडे आवळतात. हिरवं सफरचंद, लिंबाची साल, आणि बाटली आठ-दहा वर्षांची असेल तर चक्क रॉकेलचा वास. वाइन बिघडलेली नसते. रीसलिंग द्राक्षाची वाइन मुरताना टीडीएन नावाचं एक संयुग वाढतं, त्याचा हा दरवळ. काही जण त्यासाठीच जुन्या बाटल्या शोधतात. मला तो जेमतेम जाणवेल इतकाच चालतो.

थंड प्रदेशातल्या वाइन चाखायच्या ठरवल्या की वाइन क्लबांनी न्यूयॉर्क राज्यातल्या फिंगर लेक्स भागापासून सुरुवात करावी. द्राक्ष एक, मुलूख एक, आणि तरीही कोरडीपासून थेट मधासारख्या गोड वाइनपर्यंत सगळं मिळतं. या सगळ्यांचा कणा मात्र आंबटपणाच. थंड रात्री द्राक्षातलं मॅलिक आम्ल टिकून राहतं. उष्ण हवेत वेल ते श्वसनात खर्चून टाकतो. म्हणूनच आपल्या नाशिककडे वाइनची द्राक्षं जानेवारी ते मार्च अशी थंडीच्या शेवटाला तोडतात.

मुळात ४२ अंश उत्तरेला, जिथे हिवाळ्यात सगळं गोठतं, तिथे नाजूक युरोपीय वेल जगतो तो तळ्यांच्या जिवावर. हिमनद्यांनी कोरलेली ही अकरा लांबट तळी. त्यांतलं सेनेका सुमारे १८८ मीटर खोल, त्यामुळे ते सहसा पूर्ण गोठत नाही. उन्हाळ्यात साठलेली ऊब ते हिवाळ्यात काठच्या उतारांना देतं. वसंतात उलट. पाणी गार असतं, वेलाचे डोळे उशिरा फुटतात आणि उशिराच्या हिमकडाक्यातून वाचतात. काठापासून दूर गेलं की हे संरक्षण संपतं.

तरीही विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत इथे कॉनकर्ड, कटाबासारख्या अमेरिकी जाती आणि संकरित वेलच होते. युरोपीय वेल या थंडीत टिकणार नाही, हे जणू ठरूनच गेलं होतं. १९५१ मध्ये मूळचे युक्रेनचे कॉन्स्टंटिन फ्रँक अमेरिकेत आले. थंडीतली द्राक्षशेती हाच त्यांच्या डॉक्टरेटचा विषय, पण इथल्याच जिनिव्हा गावच्या कृषी संशोधन केंद्रात त्यांच्या वाट्याला आली ती मजुरीची कामं. त्यांचं म्हणणं मनावर घेतलं ते शार्ल फूर्निये यांनी. फूर्निये फ्रान्समधल्या व्हव क्लिको या शॅम्पेनच्या घराण्यात तयार झालेले, आणि तेव्हा गोल्ड सील कंपनीचे प्रमुख. दोघांनी थंडी सोसणारे खुंट शोधत थेट कॅनडातल्या क्वेबेकपर्यंत मजल मारली, हजारो कलमं बांधली. फेब्रुवारी १९५७ मध्ये पारा उणे ३० सेल्सियसच्याही खाली गेला. सोशिक म्हणून नावाजलेल्या जातींचे डोळे करपले. फ्रँक यांच्या रीसलिंगला मात्र फारसं काही झालं नाही. पुढे १९६२ मध्ये त्यांनी क्यूका तळ्याकाठी स्वतःची वाइनरी काढली. तज्ज्ञांच्या एकमताला कलमाच्या चाकूने दिलेलं इतकं चोख उत्तर माझ्या माहितीत दुसरं नाही.

आजही तिथे तोडणी संपली की नांगराने माती ओढून कलमाचा सांधा झाकतात आणि वसंतात ती पुन्हा मोकळी करतात. एका वेलाला दोन-तीन खोडं राखतात. एक थंडीने गेलं तर दुसरं हाताशी असावं. छाटणीआधी काड्या आणून डोळा ब्लेडने चिरून बघतात. हिरवा असेल तर जिवंत, तपकिरी असेल तर मेलेला. जितके मेलेले, तितके जास्त डोळे काडीवर ठेवायचे. नाशिकचा बागाईतदारही ऑक्टोबर छाटणीआधी काडी तपासून घेतो, पण त्याला डोळ्यात घड आहे का एवढंच पाहायचं असतं.

१९७६ मध्ये राज्याने छोट्या शेतकऱ्यांना आपली वाइन थेट गिऱ्हाइकाला विकण्याची वाट मोकळी करून दिली आणि तळ्यांभोवती वाइनऱ्या उभ्या राहिल्या. जर्मनीत मोझेल नदीकाठच्या बर्नकास्टलहून आलेले हर्मन वीमर हे त्यांतलं मोठं नाव.

या वाइन चाखताना सगळ्यात जास्त वाद होतो तो गोडीवरून. अनेक बाटल्यांच्या मागच्या लेबलवर रीसलिंगची एक पट्टी छापलेली असते: कोरडी, मध्यम कोरडी, मध्यम गोड, गोड. ही पट्टी नुसती साखर मोजत नाही, साखर आणि आम्ल यांचं प्रमाण बघते. साखर आम्लापेक्षा कमी तर कोरडी. चौपटीच्या पुढे गेली की गोड. मधल्या पायऱ्यांवर सामू (पीएच) फार चढा असेल तर वाइन एक घर गोडाकडे सरकते. म्हणजे लिटरला आठ ग्रॅम साखर असूनही आम्ल नऊ ग्रॅम असेल तर ती कोरडीच. सरबत करणाऱ्याला हे समजावून सांगावं लागत नाही.

म्हणून क्लबाने बाटल्या कागदी पिशव्यांत झाकून, नुसते आकडे घालून ओताव्यात. आपल्याला कोरडीच आवडते असं छातीठोक सांगणाऱ्यांची यात मजा होते. पिशव्या उतरवल्या की त्यांचे सर्वाधिक गुण बऱ्याचदा मध्यम कोरडीला गेलेले निघतात, आणि सोबत तिखट मटण असेल तर थेट मध्यम गोडला.