परतीच्या वाटेवरच्या शाळा

स्मृतिव्याख्यानाच्या पुस्तिकेत वक्त्याने आपल्या संस्थेच्या गौरवाने आरंभ करावा, असा प्रघात आहे. तो या वेळी मी थोडा बाजूस ठेवतो. महाराष्ट्राबाहेर मराठी शाळा चालविणे किती कष्टाचे असते, हे येथील माजी विद्यार्थ्यांस सांगण्याची आवश्यकता नाही. मात्र आपल्यासारख्याच अडचणी सोसणारे, परंतु अगदी निराळ्या हेतूने शाळा काढणारे समाजही जगात आहेत. त्यांपैकी एकाच्या, म्हणजे आखाती देशांतील फिलिपिनो समाजाच्या, खाजगी शाळांची ओळख करून देण्याचा येथे मानस आहे.

परमुलखात गेलेल्या समाजाच्या शाळा स्थूलमानाने दोन प्रकारच्या असतात. एक, तेथेच कायमचे राहिलेल्यांची. आपली शाळा या प्रकारातील. आपले पूर्वज येथे आले, घरेदारे केली, आणि मुलांनी येथलेच होऊन मराठी राहावे म्हणून त्यांनी शाळा काढली. दुसरी, जे कधी ना कधी परत जाणार आहेत, नव्हे, ज्यांना परत जावेच लागणार आहे, त्यांची. फिलिपिनो शाळा ही या दुसऱ्या प्रकाराचा जवळजवळ शुद्ध नमुना होय. ‘बालिकबायन’ असा एक शब्द त्यांच्या भाषेत आहे. ‘बालिक’ म्हणजे परतणे, ‘बायन’ म्हणजे गाव किंवा देश. परदेशातून घरी येणाऱ्यास हा शब्द लावतात. या शाळा बालिकबायन घडविण्यासाठी आहेत, असे म्हटल्यास वावगे होणार नाही.

याची पार्श्वभूमी थोडक्यात सांगतो. १९७३ साली तेलाचे भाव भडकले आणि आखातात बांधकामांना ऊत आला. १९७४ मध्ये फिलिपिन्सच्या मार्कोस सरकारने नवा श्रमकायदा करून परदेशी नोकरीस शासकीय धोरणाचे स्वरूप दिले. आरंभी गेले ते मजूर व तंत्रज्ञ, बहुतेक एकटेच. पुढे परिचारिका, अभियंते, हिशेबनीस गेले. ज्यांचे वेतन ठरावीक मर्यादेच्या वर होते त्यांना कुटुंब आणता आले आणि मुलांचा प्रश्न उभा राहिला. सरकारी शाळांचे माध्यम अरबी. ब्रिटिश व अमेरिकन शाळांचे शुल्क परिचारिकेच्या आवाक्याबाहेरचे. शिवाय नागरिकत्वाची आशा परक्यास जवळजवळ नाहीच. करार संपला की परवाना संपला, परवाना संपला की विमान. तेव्हा मुलाला उद्या मायदेशातल्या वर्गात बसविता येईल, असेच शिक्षण हवे होते. दोह्याची फिलिपिनो शाळा १९९२ सालची. रियाध, जेद्दा, मस्कत, कुवेत, अबू धाबी, दुबई येथेही अशा शाळा निघाल्या. त्यांतील मोठा वाटा एकट्या सौदी अरेबियाचा आहे.

या शाळांना दोन धनी असतात. इमारत, सुरक्षा, शुल्क, अरबी भाषेचे तास यांवर यजमान देशाच्या शिक्षणखात्याचा अंमल. अभ्यासक्रम व प्रमाणपत्र यांवर मनिलाच्या शिक्षणखात्याचा. शिवाय परदेशस्थ फिलिपिनोंसाठी १९८० मध्ये स्थापन झालेला शासकीय आयोगही या शाळांच्या कामात लक्ष घालतो. काही शाळा समाजाच्या मालकीच्या आहेत. तेथे पालकांतून निवडलेले मंडळ कारभार पाहते आणि राजदूताचा वडीलकीचा हात पाठीशी असतो. काही निव्वळ खाजगी, स्थानिक पुरस्कर्त्याच्या, ज्यास तिकडे कफील म्हणतात त्याच्या, नावावरील परवान्यावर चालणाऱ्या. यांतील कोणती पद्धत चांगली, असे मला कोणी विचारील तर मी पालकमंडळाच्या बाजूने कौल देईन. मंडळांतील भांडणे मीही आयुष्यभर पाहिली आहेत, तरीही. मालकाने शाळा बंद केली तर पालकांच्या हाती काहीच उरत नाही.

आरंभीच्या अनेक परदेशी शाळा भाड्याच्या बंगल्यांत भरत. दिवाणखान्यात एक वर्ग, गच्चीवर प्रार्थना. अबू धाबीच्या शिक्षणमंडळाने २०१३ च्या सुमारास बंगल्यांतील शाळा टप्प्याटप्प्याने बंद करविल्या. मुलांच्या सुरक्षिततेच्या दृष्टीने हे योग्यच होते. परंतु नवी इमारत म्हणजे वाढीव शुल्क, आणि अल्प शुल्क हाच ज्या शाळांचा आधार त्यांना ते किती जड जाते, हे सांगावयास नको.

अभ्यासक्रमातील खरी अडचण वर्षांची होती. फिलिपिन्समध्ये शालेय शिक्षण दहाच वर्षांचे असे: सहा प्राथमिक, चार माध्यमिक. इतर देशांच्या विद्यापीठांस बारा वर्षे लागत. साहजिकच या मुलांना मायदेशाखेरीज दार उघडे नव्हते. २०१३ च्या कायद्याने बारा वर्षे झाली. अकरावीचे वर्ग २०१६ मध्ये सुरू झाले आणि बारावीची पहिली तुकडी २०१८ मध्ये बाहेर पडली. परदेशातील शाळांना दोन इयत्तांच्या खोल्या, प्रयोगशाळा व शिक्षक उभे करावे लागले. मान्यता नसलेल्या शाळेतून परतणाऱ्या मुलास मायदेशी इयत्ता-निश्चितीची परीक्षा द्यावी लागते. पालक मान्यतेबाबत एवढे दक्ष का असतात, ते यावरून ध्यानी यावे.

भाषेच्या प्रश्नावर मी अंमळ रेंगाळणार आहे. जन्मभर भाषा शिकविलेल्या माणसास ती मुभा असावी. फिलिपिन्समध्ये दीडशेहून अधिक भाषा आहेत. राष्ट्रभाषेचा पाया तागालोग असावा, असे अध्यक्ष मानुएल केझॉन यांनी १९३७ मध्ये जाहीर केले. १९८७ च्या राज्यघटनेने तिला ‘फिलिपिनो’ म्हटले. या भाषेत शिक्षकाला ‘गुरो’ म्हणतात, चेहऱ्याला ‘मुखा’, आशेला ‘पाग-आसा’, आणि वाचण्याला ‘बासा’. संस्कृत शब्द मलय बेटांतून किती दूर गेले, याचे मला नेहमीच कौतुक वाटते.

परदेशातील शाळेत ही राष्ट्रभाषा व त्याच भाषेतून समाजशास्त्र शिकविले जाते. गणित, विज्ञान इंग्रजीतून. ऑगस्ट हा भाषेचा महिना, कारण १९ ऑगस्ट हा केझॉन यांचा जन्मदिवस. वरच्या इयत्तांत होसे रिझाल यांच्या कादंबऱ्या येतात. त्यांचा अभ्यास १९५६ च्या कायद्याने अनिवार्य आहे. पैकी ‘नोली मी तांगेरे’ १८८७ मध्ये बर्लिनला छापली गेली, ‘एल फिलिबुस्तेरिस्मो’ १८९१ मध्ये गेंटला. दोन्ही स्पॅनिशमध्ये. परदेशी बसून परक्या भाषेत लिहिलेला राष्ट्रग्रंथ, परदेशी जन्मलेली मुले भाषांतरातून वाचतात!

माझी कन्या काही वर्षे दोह्यास होती. तिच्या शेजारी एक परिचारिका राहत असे, मूळची इलोकानो भाषिक. यजमान सेबुआनो भाषिक. दोघांची घरची बोली आपापसांत कळेना, म्हणून घरात फिलिपिनो आणि इंग्रजी. मुलगा शाळेत उत्तम फिलिपिनो शिकला; परंतु गावाकडून आजीचा दूरध्वनी आला की तो आईच्या तोंडाकडे पाही. शाळेने त्याला देश दिला, आजी मात्र दुभाष्यामार्फत. ही शाळेची चूक मी म्हणणार नाही. एकाच वर्गात निरनिराळ्या बोलींची मुले असता शिक्षकाने करावे तरी काय? मायदेशातही पहिल्या इयत्तांतील मातृभाषा-माध्यमाची सक्ती २०२४ च्या कायद्याने काढून टाकण्यात आली.

आता या शाळांच्या दाराबाहेर कोण राहते, ते पाहू. आखातातील फिलिपिनो स्त्रियांत घरकाम करणाऱ्यांची संख्या प्रचंड आहे. त्यांना मुले आणता येत नाहीत; ती गावी आजीपाशी वा मावशीपाशी वाढतात आणि त्यांच्या शाळेचे शुल्क दरमहा आखातातून जाते. ज्यांची कागदपत्रे नाहीत, अशांच्या मुलांना मान्यताप्राप्त शाळेत नाव घालणे दुरापास्त होते. म्हणजे सर्वाधिक गरजू त्यांनाच ही शाळा दुर्मीळ.

आणि आत असलेल्यांचेही आसन स्थिर नाही. सौदी अरेबियाने जुलै २०१७ पासून परदेशी कामगाराच्या कुटुंबातील प्रत्येक अवलंबितावर दरमहा १०० रियालचा आकार बसविला. तो दर वर्षी वाढत २०२० मध्ये ४०० रियाल झाला. पत्नी व तीन मुले असलेल्या माणसास महिन्याला १६०० रियाल. अनेकांनी कुटुंबे परत पाठविली आणि परदेशी समाजांच्या शाळांतील वर्ग ओस पडू लागले. त्या मुलांच्या हाती मायदेशात चालणारे प्रमाणपत्र होते. ज्या दिवसासाठी शाळा काढली होती तो दिवस आला. फक्त तो सर्वांसाठी एकदमच आला, आणि मागे राहिलेल्या शिक्षकांचे वेतन उरलेल्या मुलांच्या शुल्कातून भागवावयाचे होते.