जीभ मोठी नाही, जागा लहान आहे

‘जीभच मोठी आहे ना, म्हणून दात असे.’ डाउन सिंड्रोम असलेल्या मुलांच्या आईवडिलांनी हे किती जणांकडून ऐकून घ्यायचं! शेजारी सांगतात, नातेवाईक सांगतात. एखाद्या दवाखान्यातही एवढंच सांगून बोळवण होते, तेव्हा मात्र संताप येतो.

अमेरिकेत सिनसिनाटीच्या बालरुग्णालयातल्या डॉक्टरांनी डाउन सिंड्रोम असलेल्या आणि झोपेत श्वास अडणाऱ्या मुलांचे एमआरआय इतर मुलांच्या एमआरआयशी ताडून पाहिले. २००८ साली ‘पीडियाट्रिक रेडिओलॉजी’ या नियतकालिकात हे संशोधन प्रसिद्ध झालं. जिभेचं माप इतरांपेक्षा कमीच भरलं. तोंडाच्या हाडांच्या मानाने मात्र ती जास्त जागा व्यापत होती.

या मुलांत वरचा जबडा आणि चेहऱ्याचा मधला भाग कमी वाढतो. खालचा जबडा त्यामानाने बरा वाढतो, म्हणून तो पुढे आल्यासारखा दिसतो आणि तोंड मिटलं की खालचे दात वरच्यांच्या पुढे येतात. टाळू अरुंद असल्याने दाढाही उलट्या बसतात. त्यात स्नायू सैल. जीभ टाळूला न टेकता खाली, पुढे विसावते. नाक चोंदलेलं असेल तर मूल तोंडाने श्वास घेतं आणि समोरच्या वरच्या-खालच्या दातांत फट राहते.

मग जीभ कापून लहान केली तर? जबडा त्याने वाढत नाही! आधी कान-नाक-घशाची तपासणी करा, स्पीच थेरपिस्टकडून तोंडाचे व्यायाम शिका. टाळू रुंद करणारं उपकरण वाढीच्या वयातच जास्त उपयोगी पडतं, म्हणून ‘मोठं झाल्यावर बघू’ म्हणू नका. ‘अशा मुलांना तारा लावता येत नाहीत’ हेही खोटं. वेळ जास्त लागतो, घरच्यांची साथ लागते, पण लावता येतात. धनकवडीचं भारती विद्यापीठ, कॅम्पातलं रंगूनवाला, अशा पुण्यातल्या दंत महाविद्यालयांत लहान मुलांच्या दातांचा वेगळा विभाग असतो. तिथे दाखवा.

पहिला दात उशिरा आला म्हणजे कॅल्शियम कमी, असं नाही. या मुलांत तो दीड-दोन वर्षांनीही येतो. काही पक्के दात मुळातच नसतात, तेव्हा दुधाचा दात ओढून काढण्याआधी एक्स-रे हवाच.

‘यांचे दात किडत नाहीत’ या भरवशावर ब्रश टाळू नका. हिरड्यांचा आजार यांना लवकर आणि जोरात होतो. तरुणपणीच दात हलू लागतात.

जवळपास निम्म्या मुलांना जन्मतः हृदयदोष असतो आणि काहींच्या मानेचे मणके सैल असतात. खुर्चीत मान मागे टेकवण्याआधी दंतवैद्याला या दोन्ही गोष्टी सांगा.