अग्निगोलाची साक्ष

महाळुंग्याच्या कारखान्यांचे दिवे चांदण्या झांकून टाकतात. परंतु शुक्राहूनहि तेजस्वी असा अग्निगोल त्या उजेडांतहि लपत नाहीं. तो दिसतांच प्रथम सेकंद मोजावे. उल्का सेकंदास ११ किलोमीटरांहून अधिक वेगानें वातावरणांत शिरते व बहुधा थोड्याच सेकंदांत विझते. ता. २ एप्रिल २०२२ च्या रात्रीं महाराष्ट्रानें पाहिलेली तेजाची माळ मात्र संथपणें सरकत गेली. ती चिनी अग्निबाणाच्या अवशेषाची होती, आणि चंद्रपूर जिल्ह्यांतील लाडबोरी येथें धातूचें मोठें कडें सांपडलें.

मग दिशा. गोल कोणत्या मनोऱ्यावर प्रकटला व कोठें मावळला, हें त्याच जागीं उभें राहून टिपावें. ‘टेकडीपलीकडेच पडला’ हा बहुतेकांचा भास; प्रत्यक्षांत तो शेंकडों किलोमीटर दूर असूं शकतो. महाळुंगें आणि सातारा अशा दोन ठिकाणच्या साक्षी जुळल्या, म्हणजे त्याचा मार्ग नकाशावर उतरतो. गडगडाट ऐकूं आल्यास मधला काळहि लिहावा: ३० किलोमीटर उंचीवरून ध्वनीस खालीं येण्यास दीड मिनिटाहून अधिक वेळ लागतो.

ता. २२ मे २०१२ रोजीं नागपूर जिल्ह्यांतील काटोल येथें भरदिवसां उल्कापाषाण पडले. असे तुकडे पावसापूर्वींच हातीं यावे लागतात. त्यांतील लोखंड लवकर गंजतें.