आखातातून गावी परतताय? मुलींची शाळा निवडताना या गोष्टी आधी तपासा

दरवर्षी मार्च-एप्रिल आला की आखातातली अनेक कोकणी घरं खोकी बांधायला घेतात. कुणाचा करार संपलेला असतो, कुणाला वयस्कर आई-वडिलांसाठी परतायचं असतं, तर कुणाला मुलींचं पुढचं शिक्षण आपल्या मुलखात व्हावं असं वाटत असतं. सामान कार्गोनं येतं, घर भाड्यानं मिळतं. खरा घोळ होतो तो शाळेचा.

आम्ही दोन मुलींना घेऊन कुवेतहून परतलो. थोरली आठवीत जाणार होती, धाकटी तिसरीत. मूळ गाव महाड तालुक्यात असलं तरी कामासाठी पनवेल परिसरात राहायचं ठरलं. शाळा आम्ही तिथूनच, मोबाइलवर व्हिडिओ पाहून पक्की केली आणि प्रवेशाचे पैसेही भरून टाकले. ती घाई आम्हाला महागात पडली. आमच्यासारखी चूक दुसऱ्या कुटुंबाकडून होऊ नये, म्हणून आम्हाला उशिरा कळलेल्या गोष्टी इथे एकत्र मांडत आहोत.

‘पॅटर्न’ म्हणजे संलग्नता नव्हे

आम्ही निवडलेल्या शाळेच्या नावात ‘इंटरनॅशनल’ होतं आणि जाहिरातीत ‘सीबीएसई पॅटर्न’. आम्हाला वाटलं, मुली कुवेतमध्ये सीबीएसईच्याच शाळेत होत्या, मग अडचण कसली? शाळा सुरू झाल्यावर महिन्याभरानं एका पालकाकडून कळलं की शाळेला राज्य सरकारची मान्यता फक्त आठवीपर्यंत आहे आणि सीबीएसईची संलग्नता मुळात नाहीच. नववीत नाव दुसऱ्याच शाळेतून नोंदवलं जाईल, असं कार्यालयात हळू आवाजात सांगण्यात आलं. सीबीएसईमध्ये दहावीच्या परीक्षेसाठीची नोंदणी नववीतच होते, म्हणजे आमच्या थोरलीची दहावी अशी टांगणीला लागणार होती.

नावात ‘इंटरनॅशनल’, ‘प्रेप’, ‘ॲकॅडमी’ किंवा ‘ग्लोबल’ काहीही असलं तरी त्यावरून बोर्ड कळत नाही. शाळेत पाऊल टाकण्याआधी तीन गोष्टी विचारा. पहिली, शाळेचा ११ अंकी यू-डायस क्रमांक. दुसरी, शासनाची मान्यता कितवीपर्यंत आहे. तिसरी, सीबीएसई म्हणत असतील तर बोर्डाचा संलग्नता क्रमांक. तो बोर्डाच्या संकेतस्थळावर स्वतः टाकून बघा. शिक्षण विभाग अनधिकृत शाळांच्या याद्याही जाहीर करतो, त्याही चाळा. हे काम परदेशात बसून अर्ध्या तासात होतं. आम्ही ते केलं नाही.

कोणतं बोर्ड, कोणत्या इयत्तेत

आखातातल्या भारतीय शाळांचं वर्ष एप्रिलला सुरू होतं, इथल्या सीबीएसई शाळांचंही बहुतेक तसंच. राज्य मंडळाच्या शाळा मात्र जूनच्या मध्याला उघडतात. म्हणून मार्चची परीक्षा देऊन परतलात तर दोन्ही वाटा खुल्या असतात. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये परतलात तर मुलगी अर्ध्या वर्षात जाऊन पडते.

ब्रिटिश अभ्यासक्रमाच्या शाळेतून येणाऱ्यांनी इयत्तेचा हिशोब नीट करावा. तिथलं ‘इयर सिक्स’ साधारण आपल्या पाचवीच्या बरोबरीचं असतं. ‘सहावी झाली, सातवीत घ्या’ असा हट्ट धरला तर पोरीवर एका वर्षाचा जादा बोजा पडतो. पहिलीसाठी महाराष्ट्रात ३१ डिसेंबरपर्यंत सहा वर्षं पूर्ण होणं हा निकष आहे, तोही लक्षात ठेवा.

नववी-दहावी आणि अकरावी-बारावी या सीबीएसईत जोड-इयत्ता मानल्या जातात. थेट दहावीत किंवा बारावीत प्रवेश सहज मिळत नाही. त्यामुळे परतायचंच असेल तर आठवी संपताना किंवा दहावी संपताना परतणं सोयीचं.

मुलीला डॉक्टर व्हायचं असेल, तर आणखी एक बाब. महाराष्ट्राच्या कोट्यातून एमबीबीएसला प्रवेश मिळवायला सर्वसाधारणपणे अधिवासाच्या दाखल्याबरोबर दहावी आणि बारावी दोन्ही महाराष्ट्रातून उत्तीर्ण असावी लागते. आमच्या थोरलीचं स्वप्न तेच आहे. दहावी कुवेतला करून मग येऊ, असं आम्ही एकदा ठरवत होतो. नात्यातल्या एका डॉक्टर खालांनी वेळीच सावध केलं. सवलती आणि अपवाद दरवर्षीच्या माहितीपुस्तिकेत असतात, ती स्वतः वाचा.

मराठीची भीती आणि मराठीची गरज

आमच्या मुली दादीशी फोनवर मराठीतून बोलायच्या, पण लिहिणं-वाचणं नावाला. तिकडे हिंदी आणि अरबी होती. महाराष्ट्रात २०२० च्या कायद्यानुसार पहिली ते दहावी सर्व बोर्डांच्या शाळांत मराठी शिकवणं सक्तीचं आहे, सीबीएसई आणि आयसीएसईही त्यात येतात. ‘आमची सीबीएसई आहे, मराठीचं टेन्शन नाही’ असं कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका.

परदेशातून उशिरा आलेल्या मुलीसाठी शाळा काय करते, हे प्रवेशाआधी विचारा. वेगळा तास आहे का? सुरुवातीच्या परीक्षेत सांभाळून घेतात का? आम्ही परतण्याच्या सहा महिने आधी बाराखडीपासून सुरुवात करायला हवी होती. धाकटी आता रिक्षातून जाताना दुकानांच्या पाट्या अक्षर अक्षर जुळवून वाचते. थोरलीला जास्त जड गेलं, कारण आठवीत थेट निबंध आणि व्याकरण समोर आलं.

उर्दू माध्यमाचा विचारही काही घरांत होतो. मुलगी आधीपासून उर्दू शिकत असेल तर तो चांगला पर्याय ठरू शकतो. पण इंग्रजी माध्यमात सात वर्षं काढलेल्या मुलीला केवळ भावनेपोटी माध्यम बदलायला लावू नये.

स्कार्फ, नमाज आणि वातावरण

हा विषय पालक दबक्या आवाजात विचारतात. आम्ही म्हणतो, पहिल्याच भेटीत मोकळेपणानं विचारा आणि उत्तर लेखी घ्या.

२०२२ मध्ये कर्नाटकातल्या हिजाबच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाच्या दोन न्यायमूर्तींची मतं परस्परविरोधी पडली आणि प्रश्न मोठ्या खंडपीठाकडे गेला. मुंबईत चेंबूरच्या एका महाविद्यालयाने हिजाब आणि टोपीवर घातलेल्या बंदीला ऑगस्ट २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अंतरिम स्थगिती दिली. म्हणजे कायद्याचं अंतिम उत्तर यायचं आहे. तोवर प्रत्येक शाळेचा गणवेशाचा नियम हाच रोजचा प्रश्न राहणार. सलवार चालते का, गणवेशाच्या रंगाचा स्कार्फ चालतो का, खेळाच्या तासाला आणि पोहण्याच्या वर्गाला काय कपडे असतात, हे नियमपुस्तिकेत बघा. ‘बघू, चालून जाईल’ या शब्दावर प्रवेश घेऊ नका. शिक्षिका बदलली की ‘चालून जाईल’ही बदलतं.

राज्यघटनेच्या कलम २८(३) प्रमाणे, शासनमान्य किंवा शासकीय अनुदान घेणाऱ्या शाळेत अल्पवयीन मुलाला पालकाच्या संमतीशिवाय धार्मिक शिक्षणात किंवा उपासनेत भाग घ्यायला लावता येत नाही. हे माहीत असलं की भांडण न करताही बोलता येतं.

काही पालकांना मुस्लिम व्यवस्थापनाची शाळाच बरी वाटते. मुंबईत १८७४ मध्ये स्थापन झालेली अंजुमन-ए-इस्लाम, पुण्यात कॅम्पातलं आझम कॅम्पस या जुन्या नावाजलेल्या संस्था आहेत. त्यांच्याही प्रत्येक शाळेचं माध्यम, बोर्ड आणि निकाल वेगळा, म्हणून संस्थेचं नाव ऐकून न थांबता ती विशिष्ट शाळा पाहून या. दुसरीकडे, मिश्र वस्तीतल्या चांगल्या शाळेत आपल्या मुली कमी असतील म्हणून ती आपोआप वाईट ठरत नाही. थोरलीची आताची जिवलग मैत्रीण कऱ्हाडच्या जोशी कुटुंबातली आहे आणि रमजानात डबा खाताना तीच पाठ फिरवून बसायची.

सुरक्षा: फक्त कॅमेरे मोजू नका

२०२४ मध्ये बदलापूरला झालेल्या घटनेनंतर शाळांत सीसीटीव्ही आणि कर्मचाऱ्यांच्या चारित्र्य पडताळणीवर सरकारनं भर दिला. त्याआधी २०२२ पासूनच शाळांमध्ये ‘सखी सावित्री समिती’ स्थापन करण्याचा शासन निर्णय आहे. तुमच्या शाळेत ती समिती आहे का, तिच्यात कोण आहे, शेवटची बैठक कधी झाली, हे विचारा. उत्तर देताना मुख्याध्यापक अडखळले तर समजून घ्या.

मुलींची स्वच्छतागृहं स्वतः जाऊन बघा. पाणी, आतून कडी, सॅनिटरी पॅडची सोय, बाहेर कुणाचा वावर. राज्याच्या स्कूल बस नियमांत मुली असलेल्या बसमध्ये महिला मदतनीस असणं अपेक्षित आहे. शेवटच्या थांब्यावर कोणती मुलगी उतरते, तेव्हा मदतनीस बसमध्ये असते का, हेही विचारा.

फी आणि कागदपत्रं

महाराष्ट्रात २०११ चा शुल्क नियमन कायदा आहे. खासगी शाळेची फी पालक-शिक्षक संघाच्या कार्यकारी समितीपुढे यावी लागते आणि ठरलेली फी दोन शैक्षणिक वर्षं लागू राहते. मंजूर फीचा तक्ता मागा. देणगीच्या नावाखाली पावतीशिवाय पैसे मागितले तर तिथूनच परत फिरा, कारण कॅपिटेशन फी घेण्यास राज्यात १९८७ पासून बंदी आहे.

कागदांत शाळा सोडल्याचा दाखला सर्वांत महत्त्वाचा. तिकडच्या शिक्षण खात्याचा आणि परराष्ट्र खात्याचा शिक्का, मग भारतीय दूतावासाचं साक्षांकन, अशा पायऱ्या देशागणिक थोड्या बदलतात. एकदा इकडे आलात की ते काम कुणा नातलगाच्या गळ्यात पडतं. मागच्या दोन-तीन वर्षांच्या गुणपत्रिका, जन्मदाखला, लसीकरणाची नोंद आणि पासपोर्टच्या प्रती सोबत ठेवा. मुलीचं आधार नसेल तर भारतीय पासपोर्टवर ते काढता येतं, त्यासाठी १८२ दिवस थांबावं लागत नाही.

आणि नाव! पासपोर्टवर, जन्मदाखल्यावर आणि शाळेच्या जनरल रजिस्टरमध्ये एकच स्पेलिंग असू द्या. दहावीच्या प्रमाणपत्रावर तेच उतरतं, नंतर दुरुस्तीसाठी हेलपाटे घालावे लागतात.

मुलीला विचारलंत का?

आमची सर्वांत मोठी चूक शेवटी सांगतो. आम्ही शाळा ठरवली, बोर्ड ठरवलं, बस ठरवली, पण थोरलीला विचारलंच नाही. पहिल्या शाळेतून काढायची वेळ आली तेव्हा ती एवढंच म्हणाली, “अब्बा, या वेळी मला पण घेऊन जा बघायला.” आम्ही गेलो. तिनं प्रयोगशाळा पाहिली, ग्रंथालयातल्या बाईंशी बोलली, मुलींना विचारलं की शिक्षक ओरडतात का. आम्ही जे दहा प्रश्न विचारले नव्हते, ते तिनं विचारले.

भरलेल्या पैशांपैकी मोठा भाग बुडाला. पण वर्ष वाचलं, अल्हम्दुलिल्लाह. थोरली आता संलग्नता असलेल्या शाळेत नववीत आहे आणि तिची नोंदणी तिच्याच शाळेच्या नावानं झाली आहे. तुम्ही परतण्याच्या तयारीत असाल तर घरभाड्याचा करार करण्याआधी शाळा बघा, आणि शाळेचे पैसे भरण्याआधी कुणीतरी आपलं माणूस तिथे प्रत्यक्ष जाऊन येऊ द्या. मामा असो, चाची असो की शेजारी. व्हिडिओत सगळ्याच शाळा सुंदर दिसतात.