ठिपकीची शिंक

कोंबडीला शिंक येते, हे तुम्हाला ठाऊक होतं? मला चाळिशी उलटेपर्यंत नव्हतं. आपल्यासारखं छप्पर उडवणारं 'आऽऽक्छी' नाही हं! बाटलीचं बूच हळूच निघावं तसं एक बारीकसं 'च्यिक्', आणि लगेच मानेला झटका. मग काही घडलंच नाही असा चेहरा करून पुन्हा माती उकरायला सुरुवात.

ही शिंक दिली ठिपकीनं. ठिपकी म्हणजे माझ्या भाचीनं आठवडी बाजारातून हट्टानं आणलेली तलंग. अजून अंड्यावर न आलेल्या तरण्या कोंबडीला तलंग म्हणतात. विकणाऱ्यानं तिचे पाय बांधून तिला उलटं लटकवून हातात दिलं, भाचीनं तसंच घरी आणलं आणि आजीच्या चार कोंबड्यांबरोबर थेट खुराड्यात सोडलं. नवव्या दिवशी मला फोन. "मावशी, ठिपकीला सर्दी झालीय. नाकाला बाम चोळू का?"

थांब, बाई! बाम नको, धुरी नको, खुराड्यात डासांची कॉईलसुद्धा नको. का, ते कळायला आधी कोंबडीच्या आत डोकवावं लागेल.

छातीवर हात ठेवा आणि मोठ्ठा श्वास घ्या. छाती फुगली ना? आत तुमची फुफ्फुसं फुगली. कोंबडीची फुफ्फुसं मात्र फुगतच नाहीत म्हटलं तरी चालेल. ती पाठीकडच्या बरगड्यांत घट्ट रुतून बसलेली असतात. फुगतात त्या हवेच्या पिशव्या. साबणाच्या फुग्याइतक्या पातळ, मानेपासून थेट पोटापर्यंत पसरलेल्या, एकूण 9. आपल्या फुफ्फुसाची वाट म्हणजे बंद बोळ. हवा जिथून आत जाते तिथूनच माघारी येते. कोंबडीच्या फुफ्फुसात एकेरी रस्ता आहे! घेतलेल्या श्वासातली बरीचशी हवा आधी मागच्या पिशव्यांत जाते. श्वास सोडला की ती फुफ्फुसात शिरते. पुन्हा श्वास घेतला की पुढच्या पिशव्यांत, आणि पुन्हा सोडला की बाहेर. एका घोटभर हवेला पूर्ण फेरी मारायला दोन श्वास लागतात.

आणि या पिशव्यांची टोकं काही हाडांच्याही आत गेलेली असतात. 18व्या शतकात इंग्लंडात जॉन हंटर नावाचे शल्यविशारद होते. पक्ष्याची श्वासनलिका बंद केली आणि पंखाचं वरचं हाड उघडं केलं, तर पक्षी त्या हाडातून श्वास घेतो, असं त्यांना आढळलं. हाडातून श्वास! (प्रयोग क्रूर होता, हे माझंही मत आहे.)

आता या गोष्टीची दुसरी बाजू बघा. आपली सर्दी बहुतेक वेळा नाकाघशात घुटमळते. कोंबडीच्या नाकात शिरलेला धूर, बामचा वास किंवा जंतू मात्र तिच्या हवेबरोबर मान, छाती, पोट असा फिरून येऊ शकतो. शिवाय त्या पातळ पिशव्यांत रक्तवाहिन्या अगदी कमी, म्हणून रक्तातून येणारं औषधही तिथे जेमतेम पोचतं. 'च्यिक्' एवढीशी असली तरी म्हणूनच ती कानाआड करायची नसते.

ठिपकीला जनावरांच्या डॉक्टरांकडे नेण्याआधी भाचीला एक काम दिलं. ठिपकीला हात न लावता दहा मिनिटं नुसतं बघायचं. तिनं वहीत लिहिलं, 'डाव्या डोळ्याच्या कोपऱ्यात साबणासारखा फेस. नाकपुडीला कोंडा चिकटलाय. श्वासाबरोबर शेपटी वरखाली होते. रात्री सगळं शांत झाल्यावर कान दिला तर घुरर्र घुरर्र.' शाबास! शेपटी हलते म्हणजे श्वास घ्यायला जोर लावावा लागतोय. भर उन्हात कोंबडी चोच उघडी ठेवून धापा टाकते तो आजार नव्हे. तिला घाम येत नाही, ती तशीच थंड होते. सावलीत, गारव्यातही चोच उघडी राहिली, तर मात्र काळजी.

मग मी तिला खुराड्यासमोर उकिडवं बसायला लावलं, नाक कोंबडीच्या उंचीवर येईल असं. "ईऽऽ, डोळे झोंबतात!" उभं राहिल्यावर तो वास कळतच नव्हता. ओल्या विष्ठेतून अमोनिया निघतो, आणि ठिपकी तर रात्रभर त्यातच नाक खुपसून झोपत होती. आजीनं त्याच दिवशी जुनं तूस काढून कोरडं पसरलं.

डॉक्टरांनी ठिपकीला उभीच धरली, छाती न दाबता. आपल्यात छाती आणि पोट यांच्यामध्ये श्वासपटल असतं, कोंबडीत ते नसतं. छातीचं हाड पुढे-मागे हलवूनच ती हवा ओढते. तुम्ही प्रेमानं गच्च मिठी मारलीत, तर बिचारीचा श्वासच अडकतो. उलटं लटकवलं की पोटातले अवयव त्या पिशव्यांवर येऊन पडतात. बाजार ते घर हा प्रवास ठिपकीनं कसा केला असेल, विचार करा.

डॉक्टरांचा संशय होता मायकोप्लाझ्मावर. हा जंतू भलताच मजेशीर. इतर जिवाणूंना असते तशी भिंत याच्या पेशीला नसतेच! पेनिसिलिन जिवाणूची भिंत बांधू देत नाही, पण इथे भिंतच नाही तर ते करणार काय? म्हणून घरातली उरलेली गोळी कोंबडीला चारायची नसते. हा जंतू अंगात गुपचूप बसून राहतो आणि प्रवास, गर्दी, नवी जागा यांनी कोंबडी घाबरली की डोकं वर काढतो. लक्षणं दिसायला साधारण 6 ते 21 दिवस जातात. बाजारात ठणठणीत दिसलेली कोंबडी घरी येऊन शिंकते, ती अशी.

शिंकांची कारणं आणखीही असतात. नुसती धूळ असते. चेहरा सुजवणारा कोरायझा असतो. मानमोडी, म्हणजे राणीखेत, हा विषाणूचा आजार असतो. त्यावर औषध नाही, आधी दिलेली लसच कामी येते. आणि बर्ड फ्लू. भारतात तो कोंबड्यांत पहिल्यांदा सापडला 2006 साली, आपल्याच नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापूरला. म्हणून एकदम बऱ्याच कोंबड्या मेल्या किंवा तुरे निळे पडले, तर लांब व्हायचं, हात लावायचा नाही, लगेच मोठ्यांना सांगायचं. साध्या आजारी कोंबडीलाही पापी नाही, आणि हात साबणानं धुवायचे. ही वाक्यं मी भाचीला इतक्यांदा ऐकवली की ती आता माझ्या आधी म्हणते.

डॉक्टरांनी औषध पाण्यातून दिलं. "ड्रॉपरनं घशात ओतू?" मुळीच नाही! कोंबडीची चोच उघडली की जिभेच्या बुडाशीच एक फट दिसते. ती श्वासनलिकेचं तोंड. वरून ओतलेलं पाणी सरळ तिथे जाऊ शकतं. कोंबडीला स्वतःचं पाणी स्वतः पिऊ द्यावं. चोचीत घेते, मान वर करते, घोट उतरवते.

आणि ठिपकीची रवानगी झाली पडवीच्या दुसऱ्या टोकाला, वेगळ्या डालग्याखाली, 30 दिवसांसाठी. 1377 साली रागुसा शहरानं, म्हणजे आजच्या दुब्रोव्हनिकनं, साथीच्या गावांहून येणाऱ्यांना इतकेच दिवस वेगळं ठेवायचा नियम केला होता. आजीला हा नियम फारच पटला. तिनं चारी कोंबड्यांना बजावलं, "त्या बाहेरचीच्या जवळ जाल तर बघा!"

औषधानं घुरघुर थांबली, शेपटी स्थिर झाली. डॉक्टर म्हणाले, बरी झाली तरी जंतू तिच्या अंगात राहू शकतो. बाकीच्यांना लागला का, ते बघायला प्रयोगशाळेत पाचही जणींच्या रक्ताची तपासणी झाली. पांढऱ्या पट्टीवर रक्तातल्या पाण्याचा एक थेंब, त्यात जांभळा द्रव. ढवळून पट्टी हलवली की दोन मिनिटांत जांभळ्या गुठळ्या दिसल्या, तर जंतू येऊन गेलाय.

ठिपकीच्या थेंबात गुठळ्या. आजीच्या चारही कोंबड्यांच्या थेंबांत गुठळ्या! चौघींत तो कधी शिरला, कुणाकडून कुणाला गेला, ते आता कुणीच सांगू शकत नव्हतं.

आजी बराच वेळ गप्प बसली. मग उठून पडवीत गेली, डालगं उचललं आणि म्हणाली, "चल गं बाई. उगाच तुला बोल लावला."